मागची चाकं आधी जाम होतात? व्हॉल्व्ह बसवा, पण पावसात सेट करू नका

घोडबंदर रोडवर गायमुखचा उतार. पुढचा टेंपो अचानक थांबतो, जुन्या गाडीचा ब्रेक जोरात दाबला जातो आणि गाडी थांबायच्या आधी तिचं बूड बाजूला सरकायला लागतं. पुढची चाकं अजून फिरतायत, मागची दोन्ही मात्र जाम होऊन रस्त्यावर घासतायत. जाम झालेल्या चाकाला आडवी पकड उरत नाही. पुढची चाकं आधी जाम झाली तर स्टिअरिंग काम करत नाही, पण गाडी निदान सरळ तरी घसरते. मागची आधी जाम झाली तर गाडी स्वतःभोवती फिरू पाहते, आणि हे इतकं पटकन होतं की सराईत हातालाही सावरता येत नाही. म्हणून कुठल्याही गाडीत पुढची चाकं थोडी आधी आणि मागची थोडी नंतर जाम व्हायला हवीत. ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह याच कामासाठी असतो.

हे लिखाण मागच्या चाकांनी चालणाऱ्या, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे: पद्मिनी, ११८ एनई, अँबॅसिडर, कॉन्टेसा. त्यातही जास्त करून ज्यांना पुढे ड्रमऐवजी डिस्क बसवल्या आहेत किंवा नंतर बूस्टर (पेडलवरचा जोर वाढवून देणारा भाग) जोडला आहे त्यांच्यासाठी. एबीएस असलेल्या गाडीत हा व्हॉल्व्ह घालायचा नाही, तिथे हे काम ती यंत्रणाच करते.

वजन पुढे किती जातं

एक हिशेब करून पाहू. ड्रायव्हरसकट गाडी १००० किलो, व्हीलबेस २.३ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५५ मीटरवर. उभ्या गाडीत पुढे ५२० आणि मागे ४८० किलो. हलका ब्रेक मारला, म्हणजे मंदन (वेग घटण्याचा दर) ०.३ जी, गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट, तर सुमारे ७२ किलो पुढे सरकतात: पुढे ५९२, मागे ४०८. कोरड्या चांगल्या डांबरावर करकचून ब्रेक मारला आणि मंदन ०.८ जी झालं तर १९१ किलो सरकतात: पुढे ७११, मागे फक्त २८९. हलक्या ब्रेकला मागची चाकं ४१ टक्के काम करू शकत होती, जोराच्या ब्रेकला त्यांना २९ टक्केच झेपतं.

पाइपातलं प्रेशर मात्र पुढे आणि मागे सारखंच वाढत जातं. कारखान्यात व्हील सिलिंडरचे (चाकातले ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचे) व्यास असे निवडलेले असतात की चारही ड्रमच्या मूळ गाडीत हे गणित बऱ्यापैकी जमतं. मूळ अवस्थेतल्या पद्मिनीला हा व्हॉल्व्ह लागत नाही, आणि कोणी 'लावून टाका, बरं असतं' म्हणालं तर ऐकू नका.

बिघडतं ते पुढे डिस्क आल्यावर. ड्रममधला पुढचा शू (ड्रमला आतून घासणारा कमानदार तुकडा) फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचला जातो, त्यामुळे कमी प्रेशरमध्येही त्याला जोर मिळतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, तिला जास्त प्रेशर लागतं. म्हणून डिस्क बसवल्यावर पेडल जड वाटतं, आणि म्हणून बूस्टर येतो. बूस्टरमुळे वाढलेलं प्रेशर मागच्या ड्रमलाही जातं. त्यांना ते नकोच होतं. दोष डिस्कचा नाही, बूस्टरचाही नाही. मागचा हिशेब करायचा राहून गेलेला असतो.

व्हॉल्व्ह नेमकं काय करतो

तो मागच्या लाइनमध्ये बसतो. आत एक स्प्रिंग आणि एक पिस्टन. ठरावीक प्रेशरपर्यंत पुढे जेवढं तेवढंच मागे जातं. त्या बिंदूनंतर मागचं प्रेशर वाढतंच, पण हळू. नॉब फिरवून बदलतो तो हा बिंदू, त्यानंतरच्या वाढीचा उतार नाही. विलवूड या अमेरिकन कंपनीचा नॉबवाला व्हॉल्व्ह घ्या: बिंदू १०० ते १००० पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच, प्रेशरचं माप) कुठेही ठेवता येतो आणि त्यापुढची वाढ जास्तीत जास्त ५७ टक्क्यांनी कापली जाते. म्हणजे बिंदू ४०० वर असेल आणि पुढे १००० पीएसआय असेल, तर मागे ४०० अधिक उरलेल्या ६०० चे ४३ टक्के, म्हणजे ६५८. नॉब पूर्ण बाहेर काढला तरी मागचे ब्रेक बंद होत नाहीत, तेव्हाही १००० ला मागे ४८७ मिळतं.

दोन गोष्टी यातूनच निघतात. पहिली, हा व्हॉल्व्ह फक्त कमी करतो, वाढवत काहीच नाही. पुढचे ब्रेक कमजोर असतील तर मागचे आणखी कमजोर करून गाडी लवकर थांबणार नाही. दुसरी, मागचे ब्रेक अगदी हलक्या पेडललाच जाम होत असतील तर दुखणं बिंदूच्या खालचं आहे, आणि तिथे नॉब कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. अशा वेळी लहान व्यासाचा व्हील सिलिंडर हा खरा इलाज. पाऊण इंचाच्या जागी ११/१६ इंचाचा बसवला तर मागचा जोर सगळ्याच प्रेशरला १६ टक्क्यांनी उतरतो. स्वस्त काम आहे, आणि काही गाड्यांत एवढ्यावर भागतं.

आधी हे तपासा

एकच मागचं चाक जाम होत असेल तर तो पुढच्या-मागच्या ब्रेकच्या तोलाचा प्रश्नच नाही. ड्रम उघडा. व्हील सिलिंडर पाझरून लायनरवर (शूवरच्या घासणाऱ्या अस्तरावर) ब्रेक ऑइल आलं असेल किंवा ॲक्सलच्या सीलमधून गिअर ऑइल आलं असेल तर लायनर चिकटल्यासारखा पकडतो. भिजलेला लायनर सँडपेपर मारून वापरू नका, ऑइल आतपर्यंत मुरलेलं असतं. ड्रम अंडाकृती झाला असेल तर पेडल पायाला धडधडतं.

दोन्ही मागची चाकं जाम होत असतील तर आधी पुढे बघा. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला असेल, स्लाइड पिना सुकल्या असतील, पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले असतील, तर पुढचे ब्रेक अर्धेच काम करतात आणि मागचे जोरदार वाटायला लागतात. ठाण्या-नवी मुंबईत चार महिने हवा ओली असते, त्यात अशा गाड्या आठवडे आठवडे सोसायटीत उभ्या असतात, त्यामुळे अडकलेला कॅलिपर इथे नेहमीचा.

टायर बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसते म्हणून मागे दहा वर्षांचे दगड झालेले टायर ठेवून पुढे नवे घालायचे, ही चूक इतकी सर्रास आहे की व्हॉल्व्हची अर्धी गिऱ्हाइकं टायर बदलल्यावर सुटतील.

गाडीला आधीच प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आहे का तेही शोधा. असेल तर तो काढायचा. दोन एकामागोमाग ठेवले तर प्रेशर दोनदा कापलं जातं आणि सेटिंगला काही अर्थ उरत नाही. मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला, वजनाप्रमाणे प्रेशर बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर माझं मत सरळ आहे: तोच दुरुस्त करा. माल किंवा आठ-दहा माणसं वाहणाऱ्या गाडीत हाताने फिरवायचा नॉब त्याची जागा घेऊ शकत नाही.

मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबल्यावर प्रेशर तयार करणारा मुख्य सिलिंडर) मागच्या दोन चाकांना दोन वेगवेगळे पाइप जात असतील तर ती तिरकी विभागणी आहे: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या बहुतेक गाड्या अशा असतात. तिथे एक व्हॉल्व्ह पुरत नाही, आणि हाताने सेट केलेले दोन व्हॉल्व्ह कधी तंतोतंत सारखे राहत नाहीत, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढते. अशा गाडीला हा उपद्व्याप करू नये.

शेवटचं, चारही ड्रमच्या काळातला मास्टर सिलिंडर पुढच्या डिस्कवर तसाच ठेवला असेल तर त्याच्या तोंडाशी थोडं प्रेशर धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असू शकतो. ड्रमला साधारण १० पीएसआय राखलेलं चालतं, डिस्कला तेवढ्याने पॅड घासत राहतात. डिस्कच्या लाइनवरचा तो काढावा किंवा २ पीएसआयचा घालावा. नाहीतर घासून तापलेले पुढचे पॅड पकड सोडतात आणि गाडी पुन्हा 'मागे जास्त ब्रेक' असल्यासारखी वागते.

सामान

व्हॉल्व्ह एक. तो बसवायला ३ मिमी जाडीच्या पट्टीचा ब्रॅकेट आणि नायलॉकच्या नटांसकट दोन बोल्ट. ४.७५ मिमीचा, म्हणजे ३/१६ इंची ब्रेक पाइप दीड मीटर. पाइप नट चार, आणि दोन जादा, कारण पहिला फ्लेअर (जोडासाठी पसरवलेलं पाइपाचं तोंड) बहुधा बिघडतोच. रबर लावलेल्या क्लिपा सहा-सात. डॉट ४ ब्रेक ऑइल एक लिटर, शक्यतो अर्ध्या लिटरचे दोन डबे, म्हणजे न उघडलेला डबा खरंच कोरडा राहतो. निपलवर (चाकाजवळच्या हवा काढायच्या तोंडावर) घट्ट बसणारी पारदर्शक नळी. पाइपाची तोंडं बंद करायला रबरी टोप्या.

पाइप कशाचा हे महत्त्वाचं. स्टीलचा मूळ प्रकारचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा घ्या. एसी आणि फ्रिजच्या कामाचा शुद्ध तांब्याचा पाइप हाताने वळतो म्हणून काही जण तोच सुचवतात. तो हादऱ्यांनी कडक होत जातो आणि एक दिवस फ्लेअरच्या मुळाशी तडकतो. नको.

हायड्रॉलिक होज क्रिंप करून देणारी दुकानं वागळे इस्टेटपासून रबाळे-महापे-तुर्भेपर्यंत ढिगाने आहेत, आणि 'ब्रेकची होज बनवून देतो' असं म्हणणारंही कोणी भेटेल. त्या होजच्या आतलं रबर बहुतेक वेळा नायट्राइल असतं, खनिज तेलासाठीचं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, त्यात हे रबर फुगतं. ब्रेकला ईपीडीएम नावाचं रबर लागतं. दुकानातल्या डब्यातल्या काळ्या ओ-रिंगांचंही तेच. या पट्ट्यातल्या लेथवाल्यांकडून ब्रॅकेट आणि पितळी किंवा स्टीलचे ॲडॉप्टर जरूर करून घ्या, होज मात्र गाडीचीच घ्या.

ॲडॉप्टर कशासाठी? अनेक व्हॉल्व्हला १/८ इंच एनपीटी, म्हणजे निमुळते आटे असतात, आणि गाडीचा पाइप नट असतो एम १० × १ (१० मिमी व्यास, १ मिमी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) किंवा ३/८ इंच २४ आट्यांचा. या दोघांत फसगत ठरलेली. ३/८ म्हणजे ९.५ मिमी, पिच १.०६ मिमी. तो १० मिमीच्या भोकात दोन-तीन वेढे आरामात जातो, सैल वाटतो, आणि करकचून आवळला की आटे उपटून येतात, किंवा त्याहून वाईट, तेव्हा धरतात आणि पुढे कधीतरी जोराच्या ब्रेकला सुटतात. व्हर्नियर कॅलिपरने मापा, पिच गेज लावा. फ्लेअरचेही दोन प्रकार: आत दुमडलेला ४५ अंशांचा डबल फ्लेअर आणि बुडबुड्यासारखा गोल. समोरच्या भोकात जसं बूड असेल तसाच फ्लेअर, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

जागा

मास्टर सिलिंडरपासून मागे जाणाऱ्या लाइनवर, मागच्या होजच्या आणि टी-च्या (दोन चाकांकडे फाटा देणाऱ्या जोडाच्या) आधी कुठेही. एकाच सर्किटचा जुना मास्टर असेल तर पुढचा फाटा फुटल्यानंतर, फक्त मागे जाणाऱ्या पाइपावर. टँडेम, म्हणजे दोन सर्किटच्या, मास्टरमध्ये पुढचं भोक म्हणजे पुढचे ब्रेक असं गृहीत धरू नका, पाइपावर बोट ठेवून चाकापर्यंत जा. प्रेशरवर चालणारा ब्रेक लाइटचा स्विच मागच्या लाइनवर असेल तर तो व्हॉल्व्हच्या आधी राहू द्या.

मॅनिफोल्डपासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून किमान एक वीत दूर. डॉट ४ नवं असताना कमीत कमी २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही हमी १५५ वर येते. आपल्याकडच्या दमट हवेत पाणी शोषलं जाणारच. व्हॉल्व्ह चाकाच्या कमानीत नको, चिखल आणि खडी. डॅशबोर्डवरही नको. शर्यतीच्या गाडीत चालक इंधन कमी होईल तसा नॉब फिरवतो, रोजच्या गाडीत तो मुलांच्या हाताला लागतो किंवा 'आज जरा वाढवून बघू' असं वाटतं. बोनेटखाली, पाना लागेल अशा ठिकाणी बरा.

बसवणं

गाडी सपाट जागी, स्टँडवर, चाकांना अडण्या. जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. जुन्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि साधा पाना लावू नका. फ्लेअर नटचा पाना घ्या, बहुधा १० किंवा ११ मिमी. साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजले की पुढे व्हाइस-ग्रिप, मग पाइप पिळून तुटणं, आणि एका तासाचं काम दोन दिवसांचं होतं. नटाबरोबर पाइपही फिरतोय असं दिसलं तर थांबा. थोडं पुढे, थोडं मागे असं करत सोडवा.

पाइप कटरने कापा. हॅक्सॉने कापला तर भुसा आत जातो आणि तोंड वाकडं राहतं, मग फ्लेअर एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ होतो. आतली-बाहेरची धार काढा. आता नट पाइपात घाला, तोंड फ्लेअरकडे करून. हे विसरून सुंदर फ्लेअर केलेला पाइप प्रत्येक गॅरेजच्या भंगारात सापडतो. फ्लेअर करताना डायवर ब्रेक ऑइलचा एक थेंब टाका. झाल्यावर भिंगातून बघा: बारीक तडा, दुहेरी कड किंवा मध्य सोडून गेलेला शंकू दिसला तर कापून पुन्हा. कॉम्प्रेशन युनियन, म्हणजे फेरूल आवळून जोड करायचा प्रकार, ब्रेकला कधीच नाही.

पाइपाला बेंडरने वळण द्या. व्हॉल्व्हच्या आधी मोठा गोल एक वेढा ठेवला तर हादरे फ्लेअरवर येत नाहीत. दर वीत-दीड वीत अंतरावर क्लिप.

व्हॉल्व्हवरचा बाण किंवा 'इन' आणि 'आउट' बघा. उलटा बसला तर पेडल सोडल्यावर मागचं प्रेशर नीट परत येत नाही आणि ड्रम तापत राहतात. एनपीटी आट्यांना ब्रेक ऑइलला टिकणारी सीलिंग पेस्ट पातळ लावा, पहिले दोन आटे सोडून. पांढरी टेप प्लंबरकडे राहू द्या: तिचा एक धागा आत गेला की व्हॉल्व्हच्या बारीक भोकात अडकतो. फ्लेअरच्या आट्यांना तर काहीच लावायचं नाही, तिथे सील धातूवर धातू असतं. एनपीटी निमुळतं असल्यामुळे 'अजून अर्धा वेढा' घेतला की ॲल्युमिनियमची बॉडी चिरते. हाताने घट्ट, मग पान्याने एक ते दीड वेढा, बास. एम १० च्या पाइप नटाला साधारण १५ न्यूटन-मीटर पुरतात.

पाइप धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल वापरू नका. गॅरेजमध्ये ही सवय फार आहे. आत राहिलेले चार थेंब मास्टरपासून व्हील सिलिंडरपर्यंतची सगळी रबरं फुगवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, किंवा ताजं ब्रेक ऑइलच आतून सोडा. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

हवा काढणं

नॉब पूर्ण आत, म्हणजे मागे सर्वांत जास्त प्रेशर, अशा स्थितीत हवा काढा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बहुधा मागचं डावं चाक सर्वांत लांब: आधी ते, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल हळू दाबायचं, निपल उघडायचं, बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. मास्टर जुना असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथपर्यंत कधी जात नाही तिथे गंजाचा थर असतो, आणि पेडल तळापर्यंत मारलं की नवी वाटणारी सीलं तिथे फाटतात. दुसऱ्या दिवशी पेडल हळूहळू खाली जायला लागतं आणि दोष बिचाऱ्या व्हॉल्व्हवर येतो.

पेडल मऊच राहिलं तर व्हॉल्व्हला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टिचके मारा, आउटलेटचा नट चिंधी धरून किंचित सैल करून बुडबुडे जाऊ द्या. त्याने भागलं नाही तर मागच्या शूचं अंतर बघा. सैल शू आणि अडकलेली हवा पायाला सारखीच लागतात.

मग सगळे जोड कोरडे पुसून खाली वर्तमानपत्र पसरा, इंजिन चालू ठेवून पेडल दोन मिनिटं जोरात दाबून धरा. कागदावर एकही डाग नको.

रस्त्यावर जायच्या आधी गेज

ही पायरी बहुतेक जण सोडतात. ० ते १६० बारचे (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) दोन गेज घ्या, एक पुढच्या निपलच्या जागी आणि एक मागच्या, योग्य ॲडॉप्टर लावून. गेज आधी हायड्रॉलिक तेलावर वापरलेले नकोत, किंवा नीट धुतलेले हवेत. बसवल्यावर त्यांच्यातलीही हवा काढा. पेडल हळूहळू दाबत पुढचा आकडा २००, ४००, ६००, ८०० पीएसआयला नेऊन मागचा लिहून घ्या. बिंदू ४०० वर असेल आणि व्हॉल्व्ह ५७ टक्के कापणारा असेल तर मागे २००, ४००, मग सुमारे ४८६ आणि ५७२ दिसायला हवं. मागचा काटा पुढच्याबरोबरच चढत राहिला तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा भलत्याच लाइनवर आहे. पेडल सोडल्यावर मागचा शून्यावर आला नाही तर जोडणी उलटी आहे का ते बघा.

सेटिंग

आणि इथे पावसाचा मुद्दा. ओल्या रस्त्यावर जास्तीत जास्त ०.४ जी मिळाला असं धरा. वरच्याच गाडीत मागच्या चाकांवर ३८४ किलो राहतात, म्हणजे ३८ टक्के. कोरड्यात हेच २९ टक्के होते. जुलैमध्ये सेट करायला गेलात तर नॉब बराच आत घेतला तरी मागची चाकं आधी जाम होणार नाहीत, आणि तुम्हाला वाटेल जमलं. डिसेंबरमध्ये कोरड्या रस्त्यावर तीच गाडी शेपूट मारेल. उलट कोरड्यावर केलेलं सेटिंग पावसात फार तर थोडं जास्त अंतर घेतं, पण पुढची चाकं आधी जाम होतात. म्हणून सेटिंग नेहमी कोरड्या, स्वच्छ, सपाट डांबरावर किंवा काँक्रीटवर, पावसाळा संपून रस्ते वाळल्यावर.

जागा: पाम बीच रोड नाही. रुंद आहे, मोह होतो, पण मागून येणाऱ्याला तुम्ही चाचणी घेताय हे माहीत नसतं. एखाद्या कंपनीचं किंवा खासगी आवार परवानगीने मिळालं तर उत्तम.

गाडीत फक्त ड्रायव्हर, टाकी साधारण अर्धी, थंड टायरमध्ये ठरलेली हवा, डिकी रिकामी. मागे वजन कमी असणं हीच सर्वांत वाईट अवस्था, आणि सेटिंग त्या अवस्थेचं करायचं. चारही टायरच्या बाजूला पांढऱ्या खडूची जाड रेघ मारा. बाहेर उभा असलेला माणूस लांबून, बाजूने, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करेल. नुसत्या डोळ्यांनी कोणतं चाक आधी थांबलं हे सांगणारे बरेच असतात, बरोबर सांगणारे थोडे.

आधी दहा-बारा मध्यम ब्रेक मारून ड्रम आणि डिस्क गरम करा. रात्रभर दमट हवेत उभ्या गाडीच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो आणि पहिले दोन-चार ब्रेक खोटे जोरदार लागतात.

नॉब पूर्ण बाहेर, मागे सर्वांत कमी, इथून सुरुवात. ३० च्या वेगाला जोरात ब्रेक. पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत. इथेच मागची आधी जाम झाली तर थांबा, व्हॉल्व्हने सुटणारं हे दुखणं नाही, ड्रम आणि व्हील सिलिंडरकडे परत जा. ठीक असेल तर नॉब एक वेढा आत, पुन्हा ब्रेक. मग ५० च्या वेगाला तेच. पुढची आणि मागची साधारण एकाच क्षणी जाम होतात तो बिंदू सापडला की तिथून एक ते दीड वेढा बाहेर या. ६० ला एकदा खात्री करा. दोन ब्रेकांमध्ये चार-पाच मिनिटं गाडी नुसती फिरवून थंड होऊ द्या, आणि चाकं जाम झाली की लगेच पेडल सोडा, नाहीतर टायरला सपाट चट्टे पडतात.

नॉब आत नेणं म्हणजे मागचा जोर वाढवणं, हे बहुतेक नॉबवाल्या व्हॉल्व्हना लागू आहे. तरी आपल्या व्हॉल्व्हवरची खूण बघून घ्या. टप्प्याटप्प्याच्या लिव्हरवाल्या प्रकारात दोन टप्प्यांच्या मधलं काही मिळत नाही, तिथे शंका आली तर मागे कमी जोर देणारा टप्पा.

सेटिंग झाल्यावर पूर्ण बाहेरपासून किती वेढे ते मोजा आणि बोनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. नॉब आणि बॉडी यांच्यावर आडवी एक रेघ मारा, हलला तर कळेल. लॉक नट असेल तर आवळा, नसेल तर तार.

नंतरची देखभाल

पन्नास किलोमीटरनंतर सगळे जोड पुन्हा पुसून बघा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, पावसाळ्यानंतर बदललं तर जास्त बरं. तेव्हा नॉब पूर्ण आत घ्यावा लागतो, आणि परत आणताना आठवणीवर नाही, बोनेटवरच्या आकड्यावर जायचं.

टायरचा आकार, पॅडचा प्रकार, मागचे लायनर, स्प्रिंग यातलं काहीही बदललं की सेटिंग शिळं झालं. डिकीतल्या सीएनजी टाकीचं तर खास. ती टाकी असताना सेट केलेली गाडी टाकी काढल्यावर मागे हलकी होते आणि मागची चाकं पुन्हा लवकर जाम व्हायला लागतात. टाकी काढायला दिलीत तर गाडी परत घेताना, गॅरेजच्या फाटकाबाहेर पडायच्या आधी, नॉब दोन वेढे बाहेर काढा आणि मग सवडीने नव्याने सेट करा.